डोळ्यातला तीळ

अंगावरच्या तिळांविषयी आपल्या लोकांत पुष्कळ समजुती आहेत. तळहातावर तीळ असला तर हाती पैसा खेळतो, तळपायावर असला तर प्रवास घडतो, गालावरच्या तिळाचे कौतुक तर कवींनीच करून ठेवले आहे. डोळ्याच्या आत, अगदी तळाशी तीळ असला तर काय होते, हे मात्र कोणा सामुद्रिकाने सांगितलेले माझ्या वाचनात नाही. त्याला कारणही उघड आहे. १८५१ साली हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने आपले नेत्रदर्शक उपकरण प्रसिद्ध करीपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ नीटपणे कोणी पाहिलाच नव्हता. जो तीळ दिसतच नाही त्याचे फळ सांगणार कोण?

असे तीळ काही विरळ नसतात. गोऱ्या लोकांत शंभर प्रौढांमागे पाचेकांच्या डोळ्यांत ते आढळतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभर निमूटपणे पडून राहतात. अशा एखाद्या तिळाचे वर्षभरात कर्करोगात रूपांतर होण्याचा संभव आठ-नऊ हजारांत एक इतका अल्प धरला जातो. पण तो एक जेथे निघतो तेथे जी गाठ वाढते तिला वैद्यकात यूव्हियल मेलॅनोमा म्हणतात. यूव्हिया म्हणजे डोळ्याचे मधले आवरण. बाहेरचे पांढरे आवरण सोलून काढले असता ते काळ्या द्राक्षासारखे दिसते, म्हणून लॅटिनमधील द्राक्षाच्या नावावरून त्याला हे नाव पडले. ह्या आवरणाचे तीन भाग आहेत : पुढे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्याच्या मागे भिंगाला ताणून धरणारा रोमक पिंड, आणि सर्वांत मागे, दृष्टिपटलाच्या खाली अस्तरासारखे पसरलेले रंजितपटल. दहांतल्या नऊ गाठी ह्या शेवटच्या भागात होतात. रोग एकंदरीत दुर्मिळ. डेन्मार्क, नॉर्वे ह्या देशांत दर दहा लाख वस्तीमागे वर्षाला सुमारे आठ माणसांना तो होतो, स्पेन आणि दक्षिण इटलीत सुमारे दोघांना, आणि आपल्या आशिया खंडात त्याहूनही फार थोड्यांना. फिकट डोळ्यांच्या माणसांवर त्याचा अधिक लोभ. आमच्या घराण्यात घाऱ्या डोळ्यांची माणसे बरीच आहेत. परंतु हा रोग ज्याला झाला त्या माझ्या थोरल्या भावाचे डोळे काळेभोर आहेत.

दादा पाटबंधारे खात्यात अभियंता होता आणि निवृत्तीनंतर सांगलीस स्थायिक झाला. २०१८ च्या पावसाळ्यात त्याला वर्तमानपत्राच्या ओळी उजव्या डोळ्याने मधोमध वाकलेल्या दिसू लागल्या. जन्मभर पातळीयंत्रातून पाहण्यात गेलेल्या माणसाला सरळ रेघ वाकडी दिसावी ही गोष्ट सोसण्यासारखी नव्हती. त्याने आठवड्याच्या आत डोळा दाखविला, आणि पंधरा दिवसांनी दक्षिणेकडील एका मोठ्या नेत्ररुग्णालयात निदान पक्के झाले. गाठ रंजितपटलात होती. तळाशी अकरा मिलीमीटर रुंद आणि पाच मिलीमीटरांहून किंचित् अधिक उंच. हे आकडे दादाने मला दूरध्वनीवरून सांगितले, ते एखाद्या बंधाऱ्याची मापे सांगावी तसे. मग म्हणाला, “हे बघ, मी जगेन की नाही हे तुला विचारीत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ते कशाकशावर अवलंबून आहे, एवढे मला वाचून सांग. तुझे गणित कधी तरी घरच्या उपयोगी पडू दे.”

मी महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकविले. शेकडा प्रमाण, सरासरी, संभव हे शब्द माझ्या तोंडी इतके बसलेले होते की त्यांच्यामागे माणसे असतात ह्याचा विचार करण्याचा प्रसंग फारसा आलाच नव्हता. त्या दोन-तीन आठवड्यांत मी जे वाचले आणि पुढे वाचीत गेलो, त्यातले काही येथे सांगावयाचे आहे.

कोणत्याही घरात ह्या रोगाची बातमी आली की पहिला प्रश्न निघतो तो डोळा काढावा की ठेवावा हा. आमच्याकडेही तोच निघाला. वहिनींचे मत पहिल्या दिवसापासून ठाम होते. “आढीत एक आंबा नासला तर आपण तो धुऊन पुसून परत ठेवतो का? उचलून टाकतो. एका डोळ्याने माणूस शंभर वर्षे जगेल,” असे त्या म्हणत. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, आणि वहिनींना दोष देण्याचे काही कारण नाही. कारण शंभर वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या नेत्रवैद्यांचेही मत हेच होते. मेलॅनोमा दिसला की डोळा काढावयाचा, ह्यात कोणाला शंका येत नसे. शंका आली ती १९७८ साली. वॉशिंग्टन येथील झिमरमन ह्या विकृतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध करून असा प्रश्न विचारला की, डोळा काढल्याने रोगाचा प्रसार थांबतो की उलट वाढतो? डोळा काढल्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मृत्यूंचे प्रमाण एकदम चढते असे त्यांना आढळले होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यावर पडणाऱ्या दाबामुळे गाठीतल्या पेशी रक्तात ढकलल्या जात असाव्यात असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क पुढे टिकला नाही. परंतु त्याने जी खळबळ उडविली तिच्यातून एक फार मोठे काम उभे राहिले. अमेरिका आणि कॅनडा ह्या देशांतील पुष्कळ रुग्णालयांनी एकत्र येऊन मध्यम आकाराची गाठ असलेल्या १३१७ रुग्णांचे १९८७ ते १९९८ ह्या काळात दोन गट केले. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे डॉक्टरांनी ठरविले नाही, रुग्णांनीही नाही. एक प्रकारे चिठ्ठ्याच टाकल्या म्हणा ना. एका गटाचा डोळा काढला. दुसऱ्या गटाच्या डोळ्यावर किरणोत्सर्गी आयोडीनची चकती काही दिवस शिवून ठेवली आणि डोळा राखला. आपला डोळा राहावा की जावा ह्याचा कौल चिठ्ठीवर सोडण्यास तेराशेहून अधिक माणसे तयार झाली, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्याकडे देवापुढे कौल लावतात तो स्वतःला उत्तर मिळावे म्हणून. ह्या लोकांनी कौल लावला तो पुढे येणाऱ्या अनोळखी माणसांना उत्तर मिळावे म्हणून.

आणि उत्तर मिळाले. पाच वर्षांनंतर डोळा काढलेल्या शंभरांतले ८१ जण जिवंत होते, डोळा राखलेल्या शंभरांतले ८२. बारा वर्षांनंतर पाहिले तेव्हा ह्या रोगाच्या प्रसाराने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण डोळा काढलेल्यांत शेकडा १७ आणि राखलेल्यांत शेकडा २१ होते. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. थोडक्यात, डोळ्याचे काहीही करा, आयुष्याच्या मापात त्याने फरक पडत नाही.

मी हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग डोळा ठेवू.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचा त्या आकड्यांवर विश्वास बसला नव्हता, आणि मला वाटते, तसा तो बसणे कठीणच आहे. नासका भाग काढून टाकल्याने काही लाभ होत नाही हे बुद्धीला पटविता येते. हातांना पटत नाही.

डोळा राखून गाठ जाळण्याच्या ह्या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. १९३० च्या सुमारास लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात फॉस्टर मूर ह्याने अशा गाठीत रेडॉनचे बारीक कण प्रथम टोचले. त्याच परंपरेतल्या स्टॅलर्ड ह्या नेत्रवैद्याने पुढे कोबाल्टच्या चकत्या प्रचारात आणल्या. हा स्टॅलर्ड म्हणजे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरांच्या शर्यतीत तिसरा आलेला धावपटू, हे कळल्यावर दादाला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटू लागली. पूर्व बर्लिनमध्ये लोमाट्झ ह्याने रुथेनियमची चकती वापरली, आणि तीच आज युरोपात बहुतेक ठिकाणी वापरतात. मुंबईजवळच्या तुर्भ्यास आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ही रुथेनियमची चकती तयार केली असून २०२० साली अणुऊर्जा विभागाने ती जाहीर केली. अणुभट्टीतल्या जळून गेलेल्या इंधनातून निघालेले द्रव्य एखाद्याच्या डोळ्याच्या मागे चार दिवस ठेवावे आणि त्याने त्याला दिसावे, ही कल्पना मोठी विलक्षण आहे. दादाच्या डोळ्यावर चकती चार दिवस होती. पाठीवर पडून त्याने त्या खोलीच्या छताचे क्षेत्रफळ, पंख्याच्या पात्यांचे कोन वगैरे मोजून काढले.

पण मग प्रश्न उरतोच. गाठ काढली किंवा जाळली तरी फरक का पडत नाही? डोळ्याच्या आतील भागात लसीकावाहिन्या नाहीत. त्यामुळे तेथल्या रोगाला बाहेर पडण्याची वाट एकच, ती रक्ताची. आणि रक्तातून निघालेल्या ह्या पेशींचे मुक्कामाचे ठिकाणही बहुधा ठरलेले असते. ज्यांच्यात रोग पसरतो त्यांपैकी शेकडा नव्वदांच्या यकृतात तो सापडतो. यकृतच का, ह्याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. परंतु तो तेथे जातो केव्हा ह्याविषयी मात्र फिनलंडमधील संशोधकांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखविली आहे. यकृतातल्या गाठी किती दिवसांत दुप्पट होतात ह्याचे माप घेऊन त्यांनी उलट गणित मांडले, तेव्हा असे निघाले की, पुष्कळांच्या बाबतीत पहिली पेशी यकृतात रुजली ती डोळ्यातली गाठ कोणाच्या लक्षात येण्याच्या आधी, कधी कधी उपचाराच्या पाच वर्षे अगोदर. म्हणजे आपण दार लावतो ते घरातला माणूस केव्हाच निघून गेल्यानंतर.

त्याच फिनलंडमध्ये १९६२ ते १९८१ ह्या काळात उपचार झालेल्या २८९ रुग्णांचा मागोवा पुढे कित्येक दशके ठेवला गेला. ह्या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण पाच वर्षांनी शेकडा ३१ होते, पंधरा वर्षांनी ४५, पंचवीस वर्षांनी ४९, आणि पस्तीस वर्षांनी ५२. शेवटचा आकडा माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलला नाही. पंचवीस वर्षे निरोगी राहिलेल्या माणसाच्या यकृतात ती पेशी तोवर करीत काय होती? अमेरिकेच्या आकडेवारीतही तशीच एक कठोर गोष्ट आहे. १९७३ पासून २००८ पर्यंत उपचारांच्या पद्धती पार बदलल्या, डोळे काढण्याऐवजी राखले जाऊ लागले, पण पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८१ च्या आसपास होते तेथेच राहिले. पस्तीस वर्षांच्या कौशल्याने पुष्कळांचे डोळे वाचविले. आयुष्याच्या बाजूला काही जमा झाले नाही.

अर्थात् ह्यातून ‘लवकर पाहून उपयोग काय’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. गाठ जितकी लहान तितका धोका कमी, हे निर्विवाद आहे. फिलाडेल्फिया येथील विल्स नेत्ररुग्णालयाने ८०३३ रुग्णांची नोंद तपासून २००९ साली जो हिशेब दिला, त्यात तीन मिलीमीटरांपर्यंत जाडीच्या गाठींपैकी शेकडा १२ दहा वर्षांत पसरल्या, तीन ते आठ मिलीमीटरांच्या गाठींपैकी २६, आणि त्याहून जाड असलेल्यांपैकी ४९. जाडीत एका मिलीमीटराची भर पडली की दहा वर्षांतला धोका शेकडा पाचांनी वाढतो, असा ठोकताळाही त्यांनी दिला आहे. फार लहान गाठी वेळीच जाळल्या तर काही माणसे खरोखर वाचत असावीत, असे म्हणणारे जाणते डॉक्टर आहेत, आणि मला ते पटते. मात्र लहान गाठ लहान असते ती लवकर सापडली म्हणून, की मुळात सावकाश वाढणारी म्हणून, हे दरवेळी सांगता येत नाही.

जागेचेही महत्त्व आहे. पुढच्या रंगीत पडद्यातली गाठ सर्वांत सौम्य. ती आरशात दिसते म्हणून लवकरही सापडते. रोमक पिंडातली सर्वांत वाईट. रंजितपटलातली ह्या दोहोंच्या मध्ये. गाठ श्वेतपटल फोडून बाहेर आली असली तर धोका वाढतो, रुग्णाचे वय जास्त असले तरी वाढतो. पेशींच्या आकाराकडे कॅलेंडर ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने १९३१ साली प्रथम पद्धतशीर लक्ष वेधले. सूत कातावयाच्या चातीसारख्या लांबट पेशी असल्या तर रोग त्या मानाने सुस्वभावी. मोठ्या, वाटोळ्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या पेशी असल्या तर खोडकर. डोळ्याभोवती आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जन्मतः निळसर करडा डाग असणारी काही माणसे असतात. १९३९ साली ह्या डागाचे वर्णन ओता ह्या जपानी त्वचावैद्याने केले (हा गृहस्थ टोपणनावाने कविता लिहीत असे, आणि जपानात तो कवी म्हणूनही नामांकित आहे). अशा माणसाला मेलॅनोमा झाला तर तो पसरण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. आमच्या दादाच्या चेहऱ्यावर असा काही डाग नाही. मी त्याला खिडकीशी उभे करून चष्मा लावून पाहिले.

परंतु ही सगळी बाहेरची लक्षणे झाली. बियाणे कोणते आहे हे रोपाच्या उंचीवरून आणि पानांवरून ओळखण्यासारखे ते आहे. बियाण्याचीच परीक्षा करता येते हे कळले १९९६ साली. जर्मनीतील एसेन येथल्या संशोधकांनी ५४ रुग्णांच्या गाठींतील गुणसूत्रे मोजली. माणसाच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते. परंतु ह्यांपैकी ३० गाठींत तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीतले एक गुणसूत्र नाहीसे झालेले होते. त्या तिसांपैकी सतरा जणांत रोग पसरला. ज्यांची जोडी शाबूत होती अशा चोविसांपैकी एकातही नाही. अशी स्वच्छ विभागणी संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घातली तर विद्यार्थी म्हणतील की, मास्तरांनी आकडे बनविले. पुढे मोठ्या संख्येने रुग्ण तपासल्यावर ती इतकी स्वच्छ राहिली नाही, तरी मूळ गोष्ट कायम राहिली. २०१० साली अमेरिकेत हार्बर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या गुणसूत्रावरच्या बॅप-१ नावाच्या जनुकात बिघाड असतो असे दाखविले. पसरणाऱ्या ३१ गाठींपैकी २६ गाठींत तो बिघाड त्यांना सापडला. जोडीतले एक गुणसूत्र गेले आणि उरलेल्यावरचे हे जनुक मोडके निघाले की आवर घालणारे कोणी राहत नाही.

येथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ह्या रोगाने निम्मे लोक जातात’ असे वाक्य जेथे तेथे आढळते. आकडा खोटा नाही. पण एखाद्या घरात सत्तर वर्षांची आजी आणि दहा वर्षांची नात एवढ्या दोघीच राहत असल्या, तर त्या घराचे सरासरी वय चाळीस निघते आणि चाळीस वर्षांचे माणूस मात्र त्या घरात कोणीच नसते. तसेच हे आहे. निम्म्या धोक्याचा रुग्ण क्वचितच असतो. ज्यांना धोका फारच थोडा आहे अशी माणसे आणि ज्यांना तो फार मोठा आहे अशी माणसे एकाच रांगेत उभी केलेली असतात, आणि त्या रांगेला पाहून आपण एक आकडा सर्वांच्या कपाळी लिहितो. आपण रांगेतले कोणते, हे विचारता येते. त्यासाठी गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढाव्या लागतात.

ही सुई घालावी काय, असे डॉक्टरांनी चकती शिवण्याच्या आदल्या दिवशी विचारले. गाठीवरचा उपचार त्याने बदलणार नव्हता. पेशी यकृतात रुजली असली तर तिला काढून टाकण्याचा उपाय २०१८ साली कोणाजवळही नव्हता. प्रश्न केवळ जाणून घेण्याचा होता.

वहिनी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. “भाऊजी, ज्या गोष्टीवर औषध नाही तिची तारीख कशाला विचारायची? उद्या वाईट निघाले तर हे जेवतील का सुखाने? आणि मी ह्यांच्या ताटात वाढताना काय मनात आणू? तुम्ही सांगा त्यांना, तुमचे ऐकतील.” मी त्यांना सांगितले की, मी दादाला काहीच सांगणार नाही, त्याने विचारले तर मात्र माझे मत चाचणी करावी असे आहे. ते मत आजही तेच आहे, तरी वहिनींच्या बोलण्याला मी उत्तर दिले असे मला वाटत नाही. त्यांच्या म्हणण्यात भित्रेपणा नव्हता. अज्ञान हीदेखील कधी कधी घरातली एक सोय असते, ओसरीसारखी. तिच्यावर बसून माणसे कितीक संध्याकाळ काढतात. ती पाडावयाची तर तेथे दुसरे काय उभे राहणार हे विचारण्याचा अधिकार घरातल्या बाईला आहे.

दादाने आम्हां दोघांनाही विचारले नाही. “धरणाच्या पायात काय आहे हे भोक पाडून पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही,” एवढेच तो डॉक्टरांना म्हणाला. तीन आठवड्यांनी अहवाल आला. तिसऱ्या गुणसूत्राची जोडी मोडलेली होती. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि त्याच संध्याकाळी वहिनींना स्वतः सांगितले. काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. रात्रीच्या जेवणाला आमटी फार खारट झाली होती आणि ती सर्वांनी खाल्ली.

ह्याच रोगाचे एक प्रसिद्ध उदाहरण वाचकांस कदाचित् माहीत असेल. ऑलिव्हर सॅक्स हा इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये राहिलेला मेंदूविकारतज्ज्ञ, मोठा लेखक, त्याला २००५ च्या डिसेंबरात चित्रपटगृहात बसला असताना डोळ्यात लुकलुकणारा प्रकाश दिसू लागला. मेलॅनोमा निघाला. किरणोपचार झाले, नंतर लेसर झाले, आणि २००९ साली रक्तस्राव होऊन त्या डोळ्याची उरलीसुरली दृष्टीही गेली. सॅक्सला खोली दाखविणाऱ्या द्विनेत्री चित्रांचे लहानपणापासून वेड होते. जगाची खोली नाहीशी होऊन ते कागदासारखे सपाट झाल्याचे वर्णन त्याने रुग्णाच्या आणि वैद्याच्या अशा दोन्ही नजरांनी केले आहे. त्याच्या गाठीची लक्षणे पाहता ती पसरण्याचा संभव थोडा, असे त्याला सांगण्यात आले होते. नऊ वर्षे झाली, आणि २०१५ च्या आरंभी यकृतात रोग सापडला. फेब्रुवारीत त्याने ती गोष्ट वर्तमानपत्रातून लोकांना शांतपणे कळविली आणि ३० ऑगस्टला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

दादाने हे सर्व वाचले आहे. “त्याला चांगले सांगितले होते आणि वाईट झाले, मला वाईट सांगितले आहे,” असे म्हणून तो पुढचे वाक्य सोडून देतो. मी त्याला आठवण करून देतो की, एका-एका माणसाने आकडे खरेही ठरत नाहीत आणि खोटेही. ते त्याला माझ्याहून चांगले कळते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर येऊन सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा त्याची सहा महिन्यांची तपासणी पुढे ढकलावी लागली होती. शेजारचे लोक म्हणत होते, शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे भय नाही. दादा गच्चीवर उभा राहून त्यांना समजावून सांगत होता : शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक इतका संभव असलेला पूर, तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो, आणि दोनशे वर्षे न येताही राहू शकतो. मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि तो काय सांगतो आहे हे त्या गच्चीवर आम्हां दोघांनाच कळत होते.

जाणून घेण्याचा व्यावहारिक उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. ज्यांची जोडी शाबूत असते त्यांना थोड्या तपासण्यांवर सोडता येते. दादाच्या यकृताची मात्र दर सहा महिन्यांनी प्रतिमा घेतात. लवकर सापडलेल्या एखाद्या लहान गाठीवर शस्त्रक्रिया होऊ शकते, इतकाच त्यात आरंभी अर्थ होता. पुढे काळ थोडा बदलला. २०२१ साली टेबेन्टाफस्प नावाच्या औषधाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग पसरलेल्या ३७८ रुग्णांत ते देऊन पाहिले तेव्हा वर्षभराने शंभरांतले ७३ जिवंत राहिले; इतर उपचार दिलेल्यांत ५९. पसरलेल्या डोळ्याच्या मेलॅनोमात आयुष्य लांबते असे अशा चिठ्ठ्यांच्या परीक्षेतून प्रथमच सिद्ध झाले, आणि २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२३ साली केवळ यकृतालाच औषधाने न्हाऊ घालण्याच्या एका पद्धतीलाही मान्यता मिळाली. मात्र टेबेन्टाफस्प लागू पडते ते विशिष्ट ऊतकगट असणाऱ्या माणसांनाच. युरोपीय लोकांत तो सुमारे निम्म्यांत असतो. दादाने आपले रक्त तपासून घेतले. तो गट निघाला नाही. “ठीक आहे,” तो म्हणाला, “निविदेतला एक ठेकेदार गळाला.”

आता सात वर्षे उलटून गेली आहेत. उजव्या डोळ्याला प्रकाश आणि अंधार एवढाच भेद कळतो. किरणांचा तो परिणाम अपेक्षितच होता. चहा ओतताना किटलीचे तोंड तो कपाच्या कडेला टेकवितो आणि मगच ओततो, त्यामुळे खोलीचा अंदाज नसला तरी सांडत नाही. यकृतात अद्याप काही सापडलेले नाही. तपासणीच्या आधीचे आठ दिवस तो फार बोलत नाही आणि जुन्या कालव्यांचे नकाशे काढून बसतो. वहिनी त्या आठवड्यात स्वयंपाकघरातून सहसा बाहेर येत नाहीत. इतकी वर्षे तपासणीला त्याच्याबरोबर मीच जात आलो. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. परवा दादाचे पत्र आले, त्यात त्याने कळविले आहे की, ह्या खेपेस मी येण्याची गरज नाही. गाडीची दोन तिकिटे काढली असून दुसरे वहिनींचे आहे.